काळी वाटी, लाल पाठ

मान आखडली म्हणून नागपूरच्या रामदासपेठेतल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे गेलात, तर हल्ली टेबलावर स्टीलची वाकडी, गुळगुळीत कडेची पट्टी दिसू शकते. मानेला क्रीम लावून ती तिरपी धरतात आणि कानामागून खांद्याकडे एकाच दिशेनं ओढतात. मोकळ्या स्नायूवरून ती सरसर जाते. आखडलेल्या जागी अडखळते, हाताला खरखर लागते. तिथंच आणखी काही वेळा फिरवली की कातडी लाल होते. या उपचाराला ‘आयएएसटीएम’ म्हणतात. अमेरिकेत १९९०च्या दशकात त्याचा बोलबाला झाला. चीनमधल्या घरांत मात्र चिनी मातीच्या चमच्यानं, नाण्यानं किंवा म्हशीच्या शिंगाच्या तुकड्यानं हे कितीतरी आधीपासून चालत आलंय. त्याचं नाव ‘ग्वा शा’. व्हिएतनाम, कंबोडिया, इंडोनेशियातही नाण्यानं पाठ खरवडतात. अंगात शिरलेला वारा त्यातून निघतो, अशी तिकडची समजूत.

वारा शिरतो म्हटल्यावर नागपूरकरानं हसू नये. आपल्याकडे ऊन शिरतं! मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा पन्हं होतं, खिशात कांदा जातो आणि रात्री काशाची वाटी निघते. तळपायाला साजूक तूप किंवा खोबरेल चोळायचं, वाटी पालथी धरायची आणि टाचेपासून बोटांपर्यंत घासत राहायचं. थोड्या वेळात तूप करडं पडतं, मग काळं. ‘बघ, किती उष्णता निघाली,’ असं म्हणत घरातलं वडीलधारं माणूस ते फडक्यानं पुसून दाखवतं. आता तर विजेवर फिरणाऱ्या काशाच्या थाळ्याही निघाल्यात. प्रदर्शनांत लोक त्यावर पाय ठेवून बसतात आणि काळे तळवे एकमेकांना दाखवतात.

घासण्या-खरवडण्याची ही आवड आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अंग घासण्यासाठी चक्क विटेचा उल्लेख आहे. वाग्भटानं रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांची विशेष काळजी घ्यायला सांगितलंय. दिवाळीच्या पहाटे उटण्यानं अंग खसखसून चोळून घेणारे आपण त्याच घराण्यातले.

चीनशी नागपूरचा वैद्यकीय संबंध मात्र अगदी वेगळ्या वाटेनं जुळला. १९३८ साली काँग्रेसनं जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत असतात. शांताराम बापूंच्या चित्रपटानं ते घरोघरी पोचले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे खुद्द नागपुरात किती जणांना ठाऊक आहे? ही मंडळी तिकडे गेली ती आधुनिक शस्त्रक्रिया घेऊन, जखमी सैनिकांसाठी. चिनी उपचार इकडे आणले ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी, तेही वीस वर्षांनी. १९५८-५९मध्ये ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात सुया टोचू लागले. महाराष्ट्रानं अ‍ॅक्युपंक्चरसाठी कायदा केला तो २०१५चा.

आता मुद्द्याचं. खरवडण्यानं दुखणं थांबतं का? थोडंफार, थोडे दिवस. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ निरोगी माणसांवर ग्वा शा करून कातडीतला रक्तप्रवाह मोजला गेला. पहिल्या साडेसात मिनिटांत तो चौपट झाला आणि पंचवीस मिनिटांनंतरही वाढलेलाच होता. २०११मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी जुन्या मानदुखीच्या ४८ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना ग्वा शा, बाकीच्यांना गरम शेक. आठवड्यानंतर ग्वा शावाल्यांची मान कमी दुखत होती. पण पाठ खरवडलेली रुग्णाला कळतेच, त्यामुळे मनाच्या समजुतीचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. आकडेही लहान आहेत.

माझा आक्षेप उपचाराला नाही, खुणेवरच्या विश्वासाला आहे. पाठीवरचे लाल ठिपके म्हणजे बारीक केशवाहिन्यांतून कातडीखाली उतरलेलं रक्त. दोन ते पाच दिवसांत ते विरतं. त्यात कुठला वारा नसतो, विष नसतं. तळपायावरचं काळं तर शरीरातलं नव्हेच. कासं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. तुपाबरोबर घासताना वाटीच झिजते आणि काळं धरते. तीच वाटी तूप लावून फडक्यावर घासा, फडकंही काळवंडेल. फडक्याला उष्णता झाली होती असं कोणी म्हणणार नाही.

खूण उठली म्हणजे आजार निघाला, या समजुतीचं भयंकर टोक आपल्याच विदर्भात आहे. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांना तापल्या विळ्याचे चटके देण्याचे प्रकार अजून उघडकीस येतात. वाटी आणि विळा यांची बरोबरी मी करत नाही. पण डाग पाहून समाधान मानायची सवय दोन्हीकडे एकच.

काही जणांनी तर खरवडण्याच्या वाटेला जाऊच नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, कातडीवर जखम किंवा पुरळ असेल, मधुमेहानं तळपाय बधिर झाले असतील, तर नाहीच. बधिर पायाला सोललेलं कळत नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांची हाडं ठणकतात ती आखडलेल्या स्नायूमुळे नव्हे, तेव्हा पट्टी-वाटी बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. आणि पट्टी एकाची दुसऱ्याला वापरताना निर्जंतुक केली आहे का, हे विचारायला लाजू नये.

ग्वा शाची झाली तशी आपल्या वाटीची चाचणी करायला परदेशात जावं लागणार नाही. पितळी भांड्यांसाठी नावाजलेला भंडारा साठेक किलोमीटरवर, इतवारीत भांड्यांची दुकानं, सक्करदऱ्यात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, शहरात मेडिकल कॉलेज, मिहानमध्ये एम्स. अर्ध्या लोकांना काशाची वाटी, अर्ध्यांना साधी स्टीलची, तूप दोघांना तेच, आणि आठवड्यानं दुखणं मोजायचं. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानं प्रबंधाला हा विषय घ्यावा.