प्रेस कायमचा, शिक्षक सत्रापुरता

नॉर्थॅम्प्टन, मॅसॅच्युसेट्स

इथल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात प्रिंटमेकिंग शिकायला येणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना चित्रकार व्हायचं असतं. माझ्या वर्गात जीवशास्त्राची मुलं असतात, अर्थशास्त्राची असतात, एखादी कॉम्प्युटर सायन्सचीही असते. आपल्याकडे दहावी-बारावीला वाट ठरते. जे.जे.त गेला तो चित्रकलेचा, सायन्सला गेला तो सायन्सचा. इथे चार वर्षांच्या पदवीत मुख्य विषय जाहीर करायचा तो साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, आणि त्यानंतरही दुसऱ्या शाखांचे विषय घ्यायला पूर्ण मोकळीक. त्यामुळे डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी तीनेक तास, ॲप्रन बांधून तांब्याच्या प्लेटपुढे उभी राहते. या देशातली ही गोष्ट मला मनापासून आवडते.

रसायनशास्त्र शिकणाऱ्यांना तर एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवरच्या रेषा रसायनाने खोल करणं, फार लवकर कळतं. विषारी वाफा सोडणारं नायट्रिक ॲसिड बहुतेक ठिकाणी मागे पडलं आणि तांब्यासाठी फेरिक क्लोराइड आलं. त्यात प्लेट पालथी का ठेवायची, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. क्रिया होताना तयार होणारा गाळ कोरलेल्या रेषेत बसला तर रेष पुढे खोल जाणार नाही, हे ती मुलं आपणहून सांगतात. त्यांना अवघड जातं ते पुढचं. शाई भरलेली प्लेट जाळीच्या कापडाने पुसताना कुठे थांबायचं, कागद किती ओला हवा, हे हातालाच कळावं लागतं. पहिला प्रिंट प्रेसच्या ब्लँकेटखालून निघतो आणि चित्र उलटं आलेलं दिसतं, तेव्हा हुशार मुलंही क्षणभर गोंधळतात. मग दुसरी प्लेट मागतात.

अमेरिकेत या कलेला कॉलेजांनीच आधार दिला, हे आपल्याकडे फारसं माहीत नाही. स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी 1927 साली पॅरिसमध्ये सुरू केलेली ‘आतलिए 17’ ही कार्यशाळा युद्धामुळे 1940 मध्ये न्यूयॉर्कला आली. तिथे काम केलेले अर्जेंटिनाचे मॉरिसिओ लासान्स्की 1945 मध्ये आयोवा विद्यापीठात गेले आणि मक्याच्या शेतांच्या त्या प्रदेशात त्यांनी प्रिंटमेकिंगचा विभाग उभा केला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च 1944 च्या कायद्याने सरकार उचलत होतं, त्यामुळे विद्यार्थ्यांना तोटा नव्हता. त्यातलेच कितीतरी पुढे शिक्षक झाले आणि जातील तिथे प्रेस बसवत गेले. याच नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजात छापचित्रकार लेनर्ड बास्किन यांनी 1953 ते 1974 शिकवलं. आपले कृष्णा रेड्डीही याच परंपरेतले. शांतिनिकेतनातून ते पॅरिसला हेटर यांच्याकडे गेले आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवू लागले. जवसाचं तेल कमीजास्त घालून शाईचा दाटपणा बदलायचा आणि एकाच प्लेटवरून अनेक रंग एकदम छापायचे, ही रीत घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. ती करून दाखवताना मी त्यांचं नाव आवर्जून सांगते.

स्मिथच्या संग्रहालयात कागदावरच्या कलाकृतींसाठी स्वतंत्र अभ्यासिका आहे. वेळ ठरवून वर्ग नेला की जुनी छापचित्रं पेट्यांतून काढून टेबलावर मांडतात. काचेआड नाही, समोर. एकोणीस वर्षांच्या मुलांवर एखादी संस्था एवढा विश्वास टाकते, याचं मोल फार आहे.

मात्र हे सगळं शिकवणारा माणूस पुष्कळदा कॉलेजचा नसतो. त्याला इथे ‘ॲडजंक्ट’ म्हणतात, म्हणजे आपला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. देशातल्या कॉलेज-शिक्षकांपैकी जवळपास निम्मे अर्धवेळ आहेत. नेमणूक सत्रापुरती, पैसे कोर्सवर. विद्यार्थ्यांची नोंदणी कमी झाली की कोर्स रद्द, आणि त्याबरोबर पगारही. आरोग्यविमा या देशात बहुतेकांना नोकरीतून मिळतो. 2010 च्या कायद्याने मोठ्या संस्थांना आठवड्याला तीस तास काम करणाऱ्यांना विमा देऊ करणं भाग पाडलं, आणि पुष्कळ ठिकाणी अर्धवेळ शिक्षकांचे कोर्स त्या मर्यादेच्या आत ठेवले जाऊ लागले. मग माणूस दोन-तीन कॉलेजांत शिकवतो आणि हिवाळ्यातल्या बर्फात गाडी हाकत फिरतो. न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मधल्या अर्धवेळ शिक्षकांनी 2022 मध्ये सुमारे तीन आठवडे संप केला, तो याच गोष्टींसाठी. मला तो रास्त वाटला.

इतिहासाच्या शिक्षकाला हा अन्याय सोसावा लागतोच, पण त्याच्या जागी दुसरा आला तर पुस्तकं तीच राहतात. प्रिंटमेकिंगची गोष्ट वेगळी आहे, कारण इथलं निम्मं ज्ञान त्या खोलीचं असतं. प्रेसचा डावा स्क्रू किंचित जास्त आवळावा लागतो, फेल्टची ब्लँकेटं कागदातली खळ शोषून कडक झालीत, टाकीतलं फेरिक किती जुनं आहे, कुठला रोलर कुणीतरी फरशीवर टेकवून ठेवल्याने चपटा झालाय, हे कुठेही लिहिलेलं नसतं. मोठ्या विभागांत तंत्रज्ञ असतो, तो हे सांभाळतो. लहान कॉलेजात शिक्षकच सगळं. तो सत्र संपताच गेला की पुढच्याचे पहिले काही आठवडे खोलीशी ओळख करण्यातच जातात, आणि तेरा-चौदा आठवड्यांच्या सत्रात ते विद्यार्थ्यांच्या वाट्यातून वजा होतात. ॲसिड आणि द्रावकं असलेल्या खोलीला कायमचा जबाबदार माणूस नसणं हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, आणि त्याबद्दल मी पाहिजे तितक्या ठामपणे कुणाला बोलताना ऐकलेलं नाही.

सत्र संपलं की प्रेसही हातचा जातो. गावात ‘झी मेज’ नावाची कार्यशाळा आहे, 2000 साली सुरू झालेली, कमी घातक रसायनांच्या पद्धतींसाठी नावाजलेली. स्वतःचा प्रेस नसलेले माझ्यासारखे लोक वर्गणी भरून अशा ठिकाणी आपलं काम छापतात. प्लेट तेलाने पुसून मग साबणाने धुण्याची इथली पद्धत मी वर्गात नेली आहे.

वसंत सत्राची नोंदणी झाली. वर्ग भरला, बाहेर प्रतीक्षायादी आहे आणि तिच्यात पुन्हा बहुतेक विज्ञानाचीच मुलं. विभागाला मी लेखी मागणी दिली आहे: प्रिंटमेकिंगच्या खोलीसाठी वर्षभराचं एक पद असावं, ते मला द्या किंवा दुसऱ्या कुणाला. निर्णय अंदाजपत्रकाबरोबर होईल. माझा सत्राचा करार अजून यायचा आहे, पण कागद आणि शाईची मागणी आताच नोंदवावी लागते, म्हणून ती नोंदवली.