देवासची गाडी, धारचं अंगण

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची पूजा होते. धार-देवासच्या जुन्या मराठी घरांतून एके काळी तलवारी आणि कट्यारी निघत, पुसल्या जात, त्यांना गंध-फूल वाहिलं जाई. आता तलवारी उरल्या नाहीत. तेव्हा पाटावर शिवणयंत्र, मिक्सर, मुलांचा संगणक यांची वर्णी लागते आणि दसऱ्याला अंगणातल्या गाडीला झेंडूचा हार चढतो. नाकावर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. पण त्याच गाडीच्या पोटात तेल किती आहे, हे बॉनेट उघडून पाहणारं माणूस घरात शोधूनही सापडत नाही. ते काम मिस्त्रीचं! आपण फक्त बिल भरायचं.

आमच्याकडेही असंच चाललं होतं. छोटी पेट्रोल गाडी, देवासमधलं चार-पाच किलोमीटरचं रोजचं जाणं-येणं, वर्षातून एकदा सर्व्हिसिंग. एका वर्षी सर्व्हिसिंग होऊन आलेली गाडी घेऊन आम्ही धारला मामांकडे गेलो. मामा म्हणजे माझे मामेसासरे. उभी हयात पीथमपूरच्या ट्रकच्या कारखान्यात गेलेली, त्यामुळे कुणाचीही गाडी दारात आली की आधी बॉनेट उघडून मगच पाहुण्यांना पाणी विचारणार. त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली आणि माझ्यासमोर धरली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मधे असायला हवं. आमचं तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं.

"जास्त असलं तर चांगलंच की, मामा," असं आमचे हे म्हणाले. तेव्हा मामांनी जे समजावलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तेल प्रमाणाबाहेर भरलं की खाली फिरणारा दांडा ते ताकासारखं घुसळतो. त्याला फेस येतो. फेसात हवा असते आणि हवा काही दोन धातूंच्या मधे राहून त्यांची झीज थांबवत नाही. म्हणजे कमी तेलाने जे नुकसान होतं, त्याच्याच जवळपास जास्त तेलानेही जाता येतं. मामांनी जादा तेल काढून टाकलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी गाडी इकडेच घेऊन ये, सूनबाई. तीन लिटर तेल बदलायला काय पंचांग पाहायचंय?"

मी गेले. मदतीला नव्हे, स्वतः करायला.

इथे पीथमपूरविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. बाहेरच्यांना धार म्हटलं की राजा भोज आठवतो, मांडू आठवतं. इतिहासाच्या वाचकांना दुसरा बाजीराव इथल्या किल्ल्यात जन्मला हेही ठाऊक असतं. पण याच जिल्ह्यातल्या पीथमपूरला १९८० नंतरच्या दशकात एकामागून एक मोटारींचे कारखाने उभे राहिले. बजाज टेम्पो, आयशर, हिंदुस्तान मोटर्स ही नावं आमच्या भागातल्या घराघरांत नोकरीच्या रूपाने शिरली. २०२१ मध्ये तर तिथे गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान गोलाकार मार्ग सुरू झाला. म्हणजे एका अर्थाने अख्खा जिल्हा इंजिनावर जेवतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या सुशिक्षित घरांत पट्टी कुठली हे कुणाला ठाऊक नसतं. भोजराजाच्या नावावरच्या 'समरांगणसूत्रधारा'त यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे, हे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत आले आहे. मामांना सांगितलं तर म्हणाले, "असेल. पण त्यात वंगण कोणतं घालायचं ते लिहिलंय का?"

देवासहून इंदूरमार्गे धार शंभरेक किलोमीटर. तेल बदलायच्या दृष्टीने हा प्रवास फायद्याचाच. गरम तेल पातळ असतं, झटकन उतरतं आणि तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन येतं. मात्र इतकं चालून आलेलं तेल हात भाजवतं, म्हणून गाडी लावल्या लावल्या खाली शिरायचं नाही. कोमट होईपर्यंत तास-दीड तास थांबायचं. त्या वेळात मामींचे पोहे झाले, वर शेव-जिरावण झालं, जिलबी झाली आणि तेलाच्या डब्यावरचं वाचन झालं.

हे वाचन मला सगळ्यात आवडलं. डब्यावर '५डब्ल्यू-३०' असं काहीसं छापलेलं असतं. मी इतकी वर्षं तो कंपनीचा नंबर समजत होते. यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो, तो जितका लहान तितकं ते गारठ्यात पातळ. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा, शंभर अंशांना मोजलेला दाटपणा. अॅम्बॅसेडर-फियाटच्या जमान्यातले लोक दाट तेलाचे भोक्ते होते. 'उन्हाळा आहे, जाडच घाला' हा सल्ला आमच्या भागात अजून ऐकू येतो. पण नव्या इंजिनातल्या फटी फार बारीक असतात आणि सकाळी चावी फिरवल्यावर दाट तेल तिथवर पोचायला वेळ घेतं. पुस्तिकेत लिहिलंय तेच घालावं. त्याच डब्यावर आणखी दोन अक्षरं असतात. 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलसाठी, 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी.

तेल काळं दिसलं म्हणजे ते संपलं, हाही एक गैरसमज. त्यात इंजिन धुणारी रसायनं मिसळलेली असतात. ती काजळी उचलून तेलातच तरंगती ठेवतात, म्हणून तेल काळं होतं. काळं होणं हे त्याच्या कामाचं लक्षण. बदलायचं ते रंग पाहून नव्हे, किलोमीटर आणि महिने मोजून. दोहोंतलं जे आधी भरेल ते. त्यातही मेख अशी की धुळीत आणि छोट्या अंतरात चालणाऱ्या गाडीचं तेल लवकर बदलावं, असं पुस्तिकाच सांगते. माळव्याची कोरडी हवा मानवते म्हणून क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले आणि देवासचेच झाले. त्या हवेने त्यांना तारलं. पण तीच कोरडी हवा वैशाखात जी धूळ उडवते ती इंजिनाला मुळीच मानवत नाही. माझी गाडी चार किलोमीटर जाते, पुरती तापतही नाही, तोच बंद होते. अशा वेळी ज्वलनातून आलेली वाफ आणि कच्चं पेट्रोल उडून न जाता तेलातच मुरतं. 'आमची गाडी फार चालतच नाही' म्हणून दोन-दोन वर्षं तेच तेल ठेवणाऱ्या प्राध्यापक मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता प्रत्यक्ष काम. मामांनी स्वतः वेल्डिंग करून घेतलेले दोन लोखंडी उतार आहेत. त्यांवर पुढची चाकं चढवली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हा मामांचा एकच नियम त्यांनी आवाज चढवून सांगितला. जॅक चाक बदलायला असतो, खाली झोपायला नव्हे.

जुनी सलवार-कमीज, हातात रबरी मोजे, खाली पोतं. वरचं तेल भरायचं झाकण आधी सैल केलं, म्हणजे खालून धार मोकळी येते. मग तळाच्या बोल्टला पाना लावला. पहिला झटका जोराचा, पुढचे आटे बोटांनी. शेवटच्या आट्याला बोल्ट आत दाबून धरायचा आणि एकदम बाजूला घ्यायचा, नाहीतर तो तेलासकट पाटीत पडतो. तेलाची पहिली धार सरळ खाली न येता तिरपी, लांब उडते. पाटी त्या हिशेबाने पुढे सरकवावी. मग धार आत येते, बारीक होते, आणि शेवटी थेंब थेंब. ते थेंब पाहत मी दहा मिनिटं नुसती पडून होते. मामांनी मधे वाकून विचारलंही, "झोप लागली का गं?"

बोल्ट परत बसवताना त्याचा वॉशर नवा घालायचा. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण गळती तिथूनच सुरू होते. आवळताना ताकद दाखवायची नाही. खालचं भांडं मऊ धातूचं असेल तर आटेच निघून जातात, आणि मग खर्च हजारांत जातो. फिल्टरचंही तसंच. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने ताजं तेल लावायचं, हाताने फिरवत कडं टेकेपर्यंत न्यायचं आणि पुढे साधारण पाऊण फेरा. जुन्या फिल्टरचं कडं इंजिनालाच चिकटून राहिलेलं नाही ना, हे मात्र पाहायचं. एकावर एक दोन कडी बसली तर सगळं तेल रस्त्यावर. नंतर तेल पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडं कमीच ओतायचं, इंजिन मिनिटभर चालवून खाली गळती पाहायची, बंद करून पाच मिनिटं थांबायचं, आणि सपाट जागी उतरवून पट्टी पाहत खुणेपर्यंत आणायचं. तेल, फिल्टर, वॉशर मिळून माझा खर्च पंधराशेच्या आत राहिला. वॉरंटी चालू असलेल्या गाडीला मात्र हा प्रयोग करू नये. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो भंगारात द्यावा, नाहीतर त्यात बनावट तेल भरून तो पुन्हा दुकानात येऊ शकतो.

इथवर सगळं सोपं होतं. अवघड प्रश्न नंतर आला. पाटीत तीन लिटर काळं तेल. त्याचं काय करायचं?

पूर्वी हे प्रश्न पडत नसत. बैलगाडीच्या चाकाला वंगण लागे, ते तिथेच झिजे, तिथेच संपे. जळक्या तेलालाही खेड्यांत गिऱ्हाईक असतं. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासतात, स्लॅबच्या सेंट्रिंगच्या पत्र्यांना लावतात. शेजारच्या काकांनी भिंतीपलीकडून सोपा उपाय सुचवला, "नालीत सोडून द्या, वाहून जाईल."

वाहून कुठे जाईल? मी देवासची. १९९०च्या उन्हाळ्यात इंदूरहून आगगाडीने पाणी आणून ज्या गावाची तहान भागवावी लागली, त्या गावची. विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल गेल्या, आणि पुढे २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी उचलून क्षिप्रेत सोडावं लागलं. अमेरिकेत एक हिशेब सांगतात की एका गाडीतलं सुमारे पावणेचार लिटर जळकं तेल अडतीस लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. माझ्या पाटीत त्याहून थोडंच कमी होतं. त्यात झिजलेल्या धातूंचे कण असतात, ज्वलनाची घाण असते, आणि ते मातीत सहजी कुजत नाही. म्हणूनच आपल्याकडच्या २०१६च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलं आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी तेल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. होय, हे तेल शुद्ध होऊन पुन्हा वंगण बनू शकतं. तेलाचा मूळ गुण संपत नाही, त्यात घाण मिसळते एवढंच.

मामींनी एक रिकामा पाच लिटरचा कॅन दिला. आम्ही त्यात फडक्यातून गाळून तेल भरलं. जुना फिल्टर रात्रभर पाटीत उलटा ठेवला, त्यातूनही सकाळपर्यंत बरंच तेल निघालं. मग कॅन डिकीत उभा बांधून मी देवासला आणला आणि ज्याच्याकडे जळक्या तेलाचं पिंप असतं आणि ते नेणारी गाडी येते, अशा एका मिस्त्रीकडे गेले. त्याने झाकण उघडलं, वास घेतला.

"इसमें कूलंट-पेट्रोल कुछ मिलाया तो नहीं, मॅडम? मिला हुआ वो लोग लेते नहीं।"

नाही म्हटलं. त्याने तेल पिंपात ओतलं, शेवटचा थेंब निथळेपर्यंत कॅन उलटा धरला आणि झाकण लावून परत माझ्या हातात दिला. "रख लो, अगली बार काम आएगा।"