जिप्सीला आधी टायर, मग तोरा

बालाघाटहून बैहरमार्गे मुक्कीला गेलात, की कान्हाच्या फाटकाशी उघड्या जिप्सी उभ्या दिसतात. १९८५ साली आलेली ही मारुती आता नवी मिळत नाही, पण हलकं वजन आणि चारही चाकांची ताकद यामुळे जंगलात ती टिकून आहे.

आमच्या पुतण्यानं अशीच एक जुनी जिप्सी घेतली, लांबच्या भटकंतीसाठी. पहिली यादी: छतावर दिवे, पुढे लोखंडी बुलबार. बुलबारला डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं मनाई केली. पायी चालणाऱ्याला तो फार घातक ठरतो. पुतण्या हिरमुसला. काकू म्हणाली, "वैनगंगेच्या वाळूत रुतलास, तर दिवे ओढून काढणार आहेत का?"

यादी बदलली: चांगले टायर, ओढायचा पट्टा, फावडं, हवेचा पंप. वाळूत हवा थोडी कमी केली, की टायर पसरतो आणि कमी रुततो. डांबरी रस्ता लागताच मात्र ती भरायलाच हवी, नाहीतर टायर तापून फुटू शकतो. पाण्याचे कॅन छतावर नकोत. वजन वर गेलं, की वळणावर गाडी कलंडायची भीती. (कान्हात सफारीला ही गाडी चालणार नाही, तिथं नोंदलेलीच गाडी आणि सोबत गाईड.)

पहिली फेरी लांजीच्या किल्ल्यापर्यंत ठरली आहे. फावडं काकूच्या परसातलंच आहे. तेवढं मात्र परत आणून द्यायचंय.