आभाळाचा शोध आणि बोगद्यातले कैदी

ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो, हे आपण मुलांना सांगतो. पण त्या थराच्या वर जाऊन हे किरण प्रथम टिपले कोणत्या वाहनाने? युद्धात लंडन आणि अँटवर्पवर डागलेल्या जर्मनीच्या व्ही-२ रॉकेटने!

१९४५ साली जर्मनी हरला. अमेरिकन लष्कराने सुमारे १०० रॉकेटांचे सुटे भाग न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सच्या वाळवंटात नेले. स्फोटकांच्या जागी उपकरणे ठेवून १९४६ पासून ही रॉकेटे माणसाविना आकाशात सुटू लागली. २८ जूनच्या उड्डाणात नौदलाच्या प्रयोगशाळेने सूर्यप्रकाशाचे रंग फिल्मवर उतरवणारे यंत्र ठेवले होते. रॉकेट परत आले ते जमिनीत मोठा खड्डा पाडूनच. फिल्म काही हाती लागली नाही. मग रिचर्ड टूसी यांच्या गटाने यंत्र शेपटीच्या पंखात बसवले. शिवाय उतरताना रॉकेटचे नाक स्फोटाने तोडायचे ठरले, म्हणजे उरलेले धूड गिरक्या घेत जरा सावकाश पडते. १० ऑक्टोबरला फिल्म शाबूत मिळाली! रॉकेट जसजसे वर गेले, तसतशी रंगपट्टी अतिनील बाजूस लांबत गेलेली तिच्यावर दिसली. ओझोनचा पडदा खाली राहिल्याची ती खूण. त्याच महिन्याच्या २४ तारखेला दुसऱ्या व्ही-२ ने सुमारे १०५ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीचे छायाचित्र घेतले.

ही झाली जमा. आम्ही पडलो कारकून. खर्चाचा रकाना पाहिल्याशिवाय वही मिटवत नाही.

ही रॉकेटे जर्मनीत नॉर्डहाउझेनजवळ डोंगराच्या पोटातील कारखान्यात जोडली जात. ऑगस्ट १९४३ पासून तेथे छळछावणीतले कैदी जुंपले गेले. त्यांत रशियन, पोलिश, फ्रेंच पुष्कळ होते. पहिल्या हिवाळ्यात त्यांना बोगद्यातच झोपावे लागे. धूळ, थंडी, प्यायला पुरेसे पाणी नाही, शौचाला अर्धे कापलेले पिंप. काम बिघडवल्याच्या संशयावरून कैद्यांना बोगद्यातल्या क्रेनला लटकवून फाशी दिले गेले. डोरा छावणी व तिच्या उपछावण्यांत सुमारे ६०,००० कैदी आले, त्यांपैकी २०,००० च्या आसपास मेले. व्ही-२ पडून मेलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे.

तेथील उत्पादनप्रमुख आर्थर रुडॉल्फ पुढे अमेरिकेत चांद्रमोहिमेच्या सॅटर्न-५ रॉकेटचे प्रकल्प व्यवस्थापक झाले. अखेर चौकशी लागली, तेव्हा खटला टाळण्यासाठी १९८४ साली त्यांनी देश आणि नागरिकत्व दोन्ही सोडले.

त्या बोगद्याचा काही भाग आता स्मारक म्हणून पाहता येतो. आत रॉकेटांचे गंजलेले भाग अजून पडून आहेत.