डॉक्टर झालेल्या ‘सिस्टर’

सरकारी दवाखान्यात ‘सिस्टर’ अशी हाक ऐकू आली, की परिचारिका मागे वळून पाहते. मराठीत हा शब्द आता तिच्यासाठीच रूढ झाला आहे. त्याचे मूळ मात्र युरोपातील धर्मभगिनींच्या रुग्णसेवेत आहे. रुग्णाच्या उशाशी बसून शुश्रूषा करणारी कॅथलिक सिस्टर जगाला शतकानुशतके परिचित होती. पण तिने स्वतः डॉक्टर व्हावे, निदान करावे, बाळंतपण करावे, शस्त्रक्रिया करावी, याला चर्चची सर्वसाधारण मान्यता मिळायला १९३६ साल उजाडावे लागले. विशेष म्हणजे या बदलामागे प्रामुख्याने भारतातील स्त्रियांच्या व्यथा होत्या.

हा इतिहास आठवण्याचे कारण कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या डोंगरवाड्यांत सापडते. मुंबईहून लोकलने कर्जत गाठणे सोपे आहे. स्थानकापासून ठाकूर-कातकरी वाड्यांपर्यंत पोहोचणे मात्र अनेक ठिकाणी तसे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाहन जाईल असा रस्ताच नसल्याने मदत पथकांना पायी डोंगर चढावा लागला. दुर्घटना घडली म्हणून ही वाट सर्वांना दिसली. एरवी सर्पदंश झालेला माणूस किंवा अडलेली बाळंतीण अशाच वाटांनी खाली आणावी लागते. अशा भागाला भेट देऊन जाणाऱ्या डॉक्टरपेक्षा मुक्कामी राहणारा डॉक्टर हवा असतो. घर, मुलांची शाळा आणि पुढील शिक्षण यांचा विचार करणाऱ्या तरुण डॉक्टरला तसे राहणे कठीण जाते. मग ज्यांनी संसारच मांडलेला नाही, अशा व्रतस्थ डॉक्टर स्त्रिया ही उणीव भरून काढू शकतील काय? उत्तर होकारार्थी आहे. पण ते वाटते तितके सरळ नाही.

बंदी आणि परवानगी

धर्मगुरूंनी शस्त्रक्रिया करू नये, हा निर्बंध १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेइतका जुना आहे. १९१७ साली ‘कॅनन लॉ’ म्हणजे चर्चचा धर्मकायदा संहिताबद्ध झाला. रोमच्या खास परवानगीवाचून धर्मगुरूंनी वैद्यकी करू नये, असे त्यात नमूद होते आणि व्रतस्थ स्त्री-पुरुषांनाही तो नियम लागू झाला. प्रसूतीचे काम तर ब्रह्मचर्यव्रताशी विसंगत मानले जाई.

भारतातील गरज नेमकी याच्या उलट होती. असंख्य स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करीत. हीच अडचण ओळखून आनंदीबाई जोशी अमेरिकेत गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पुढे अॅग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टर बाई वयाची सत्तरी ओलांडल्यावर रावळपिंडीला आल्या. त्यांनी तेथे स्त्रियांचे रुग्णालय उभारण्यास साह्य केले. पडद्यातील स्त्रीपर्यंत स्त्री डॉक्टरच पोहोचू शकते, तेव्हा धर्मभगिनींना वैद्यकीची मुभा द्यावी, असा आग्रह त्यांनी रोमकडे धरला. १९१३ साली त्यांचे निधन झाले, तोवर ही मुभा मिळालेली नव्हती.

त्यांच्या कार्याने दोन तरुणी प्रेरित झाल्या. मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० साली आंध्रातील गुंटूर येथे आल्या आणि ‘जीझस मेरी जोसेफ’ या संघात दाखल झाल्या. त्यांना वैद्यकी करण्याची खास परवानगी पोपकडून मिळाली. १९४३ साली त्यांनी कॅथलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना स्थापन केली. ती आज ‘कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया’ या नावाने कार्यरत आहे.

दुसरी तरुणी ऑस्ट्रियाची अॅना डेंगेल. आयर्लंडमधील कॉर्क येथे वैद्यकीय पदवी घेऊन त्या १९२० मध्ये रावळपिंडीला आल्या. एकट्या डॉक्टरने हा प्रश्न सुटणार नाही, हे ओळखून त्यांनी १९२५ साली वॉशिंग्टन येथे ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ हा संघ सुरू केला. आरंभी त्या चौघी होत्या : दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका. कायद्याच्या अडसरामुळे त्यांना जाहीर व्रते घेता येत नव्हती. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने आदेश काढून धर्मभगिनींना वैद्यकी व प्रसूतिसेवेची मुभा दिली. मदर तेरेसांनी १९४८ साली लोरेटो मठ सोडल्यावर रुग्णसेवेचे प्राथमिक धडे घेतले, ते याच संघाच्या पाटण्यातील होली फॅमिली रुग्णालयात.

आधी पदवी की आधी व्रत?

आज या ध्येयाकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग आधी डॉक्टर होऊन मग संघात प्रवेश करण्याचा. ग्लोरी यांचा मार्ग हाच. कराचीत कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचणाऱ्या आणि २०१७ साली निवर्तलेल्या जर्मन डॉक्टर सिस्टर रूथ फाऊ याही याच वाटेने गेल्या. दुसरा मार्ग आधी व्रते घेऊन मग संघाच्या अनुमतीने वैद्यकीय शिक्षण घेण्याचा. भारतातील बिशपांच्या परिषदेने १९६३ साली स्थापन केलेल्या बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात धर्मभगिनींच्या प्रवेशाची खास तरतूद आहे. अर्थात ‘नीट’ परीक्षा त्यांनाही चुकलेली नाही.

कोणताही मार्ग धरला, तरी काळ मोठा लागतो. ‘एमबीबीएस’ची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष. संघातील उमेदवारीचा काळ वेगळा. त्यानंतर नवदीक्षेचे किमान एक वर्ष, पुढे तीन ते सहा वर्षांची तात्पुरती व्रते आणि शेवटी आजीवन व्रते. बारावीनंतर निघालेली मुलगी दोन्ही बाजूंनी पूर्ण होईपर्यंत तिशीच्या आसपास पोहोचते.

तीन व्रते आणि दवाखाना

ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते वैद्यकी व्यवसायाला तीन ठिकाणी भिडतात. दारिद्र्यव्रतामुळे सिस्टरची कमाई तिची राहत नाही, संघाची होते. सरकार मात्र व्रत पाहत नाही. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मभगिनी व धर्मगुरूंच्या पगारातून प्राप्तिकर कापलाच पाहिजे, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केले.

दुसरा पेच सदसद्विवेकाचा आहे. कॅथलिक शिकवणुकीत गर्भपात आणि कृत्रिम संततिनियमन निषिद्ध आहे. सरकारी आरोग्य केंद्रातील डॉक्टरकडून मात्र कुटुंबनियोजनाची सेवा अपेक्षित असते. म्हणूनच डॉक्टर सिस्टर प्रायः चर्चच्याच रुग्णालयांत आढळतात. ज्या वाडीत दुसरा दवाखाना नाही, तेथे या मर्यादेची कल्पना रुग्णाला आधीच दिली पाहिजे.

तिसरी कसोटी आज्ञापालनाची, आणि कर्जत-खालापूरच्या संदर्भात तीच सर्वांत महत्त्वाची. व्रतस्थ डॉक्टर घरसंसाराच्या ओढीने गाव सोडणार नाही. परंतु वरिष्ठांचा आदेश आला, की तिला दुसऱ्या राज्यात जावे लागेल. तिचे वचन गावाला नसून संघाला असते. त्यामुळे वाडीवर टिकते ती एक विशिष्ट डॉक्टर नव्हे, तर डॉक्टर पाठवत राहणारी संस्था. एक सिस्टर गेल्यावर तिच्या जागी दुसरी पाठवण्याइतपत मनुष्यबळ संघाकडे असेल, तरच ही व्यवस्था गावाच्या उपयोगाची. रुग्णाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. ज्या बाईंना घरातला आजार, मूल दगावल्याचे दुःख, नवऱ्याचे व्यसन असे सारे ठाऊक असते, त्यांच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरपाशी ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

मुक्कामासाठी व्रतच घेतले पाहिजे, असेही नाही. कर्जतजवळ वेणगावात डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने २००६ पासून रस्त्यावरील मनोरुग्णांच्या उपचारांचे व पुनर्वसनाचे केंद्र उभे केले. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संसार सांभाळूनही असे काम होते, फक्त त्यामागे संस्था उभी करावी लागते.

म्हणूनच दोन्ही ओढी मनात असलेल्या मुलीने एक प्रश्न स्वतःला आणि एक प्रश्न संघाला विचारून ठेवावा. संघाने वैद्यकीऐवजी शाळेत शिकवायला पाठवले, तर ते मनापासून स्वीकारता येईल का, हा स्वतःला. वैद्यकी हे संघाच्या मूळ कार्यातच आहे का, हा संघाला. पहिल्याचे उत्तर नकारार्थी येत असेल, तर आधी पदवी पूर्ण करून ज्या संघाचे ध्येयच रुग्णसेवा आहे, त्याचे दार ठोठावणे श्रेयस्कर. मॅक्लारेन यांच्या काळी हे दार बंद होते. आज ते उघडे आहे. त्यातून आत जाण्यापूर्वी ही चौकशी करून घेतलेली बरी.