हाड सांधेपर्यंत टिकावे, मग विरघळावे
(मॅग्नेशियमच्या रोपणांवरील पृष्ठभाग-प्रक्रिया : एक ओळख)

अपघातात हाड मोडले की "पायात रॉड टाकला", "हाताला प्लेट बसवली" हे शब्द आपण घरोघरी ऐकतो. ही प्लेट, हा स्क्रू किंवा ही सळई बहुधा स्टेनलेस स्टीलची अथवा टिटॅनियमची असते. शरीरात बसविलेल्या अशा वस्तूला रोपण म्हणतात. मोडलेली टोके जागच्या जागी धरून ठेवणे एवढेच तिचे काम. हाड सांधण्याचे खरे काम शरीरच करते आणि ते साधारणपणे तीन ते सहा महिन्यांत पुरे होते. धातू मात्र त्यानंतरही आतच राहतो.

मोठ्या माणसांत तो पुष्कळदा तसाच ठेवता येतो. पण तो टोचू लागला, तेथे जंतुसंसर्ग झाला किंवा रुग्ण वाढत्या वयाचे मूल असले, तर तो काढावा लागतो. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया, पुन्हा भूल, पुन्हा रुग्णालयाचा खर्च. रोजावर काम करणाऱ्या माणसाचे पुन्हा काही आठवडे बुडतात. म्हणून शास्त्रज्ञांपुढे प्रश्न असा आहे की, काम संपताच आपोआप विरघळून जाईल असा धातू हाडात बसविता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर मॅग्नेशियममध्ये शोधले जात आहे. त्यातली खरी मेख धातूच्या पृष्ठभागाशी कशी येऊन ठेपते, ते या लेखात पाहू.

मॅग्नेशियमच का?

शाळेच्या प्रयोगशाळेत लख्ख पांढऱ्या प्रकाशाने जळणारी मॅग्नेशियमची फीत विद्यार्थ्यांनी पाहिली असेल. तोच हा धातू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते व त्यातील निम्म्याहून अधिक हाडांतच असते. डाळी, धान्य, हिरव्या भाज्या यांतून आपण ते रोज सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅम घेतो. निरोगी मूत्रपिंडे जादा मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. तेव्हा हा धातू शरीराला परका नाही.

दुसरा गुण ताठरपणाचा. ताठरपणा मोजण्याच्या एककात (गिगापास्कल) पोलादाचे मान सुमारे २००, टिटॅनियमच्या मिश्रधातूचे सुमारे ११० आणि मॅग्नेशियमचे सुमारे ४५ येते. हाडाच्या कठीण भागाचे मान साधारण १५ ते २५ असते. फार ताठर प्लेट सारा भार स्वतःच पेलते. मग खालच्या हाडाला काम उरत नाही आणि ते कमजोर होत जाते. मॅग्नेशियमचा ताठरपणा हाडाच्या जवळचा असल्याने हा दोष कमी होतो. वजनालाही तो हाडाइतकाच हलका आहे.

आठ दिवसांत विरघळलेली प्लेट

ही कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियमचे शल्यविशारद आल्बँ लाम्बोत यांनी एका सतरा वर्षांच्या रुग्णाच्या पायात मॅग्नेशियमची प्लेट बसविली. ती पोलादी खिळ्यांनी जोडली होती. आठ दिवसांतच प्लेट नष्ट झाली आणि त्वचेखाली वायू साठून सूज आली.

याची दोन कारणे होती. पहिले म्हणजे पोलादाचा सहवास. दोन भिन्न धातू खारट द्रावात एकमेकांना टेकले की त्यांची जणू बॅटरी तयार होते आणि त्यातील अधिक क्रियाशील धातू झपाट्याने झिजतो. जमिनीखालचे पोलादी नळ गंजू नयेत म्हणून त्यांना मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात, ते याच कारणासाठी. ठोकळा झिजतो व नळ वाचतो. लाम्बोत यांच्या रुग्णात प्लेटच ठोकळा ठरली. दुसरे कारण मॅग्नेशियमच्या स्वभावातच आहे.

पाण्याशी गाठ

मॅग्नेशियमची पाण्याशी क्रिया झाली की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार होतात. हे हायड्रॉक्साइड आपल्या परिचयाचे आहे. पोटातील आम्ल शमविण्यासाठी घेतले जाणारे पांढरे 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' म्हणजे तेच. धातूवर त्याचा पातळ थर बसतो आणि काही प्रमाणात संरक्षण देतो. परंतु हा थर तीव्र आम्लारीधर्मी द्रावातच नीट टिकतो. रक्ताचा सामू सुमारे ७.४, म्हणजे जवळजवळ उदासीन. शिवाय रक्तात मिठातील क्लोराइड आयन भरपूर असतात. ते या थराचे विद्राव्य क्लोराइडमध्ये रूपांतर करतात, थराला भोके पडतात व धातू पुन्हा उघडा होतो.

आता एक छोटा हिशेब करू. तीन मिलिमीटर जाडीच्या व दोन सेंटिमीटर लांबीच्या मॅग्नेशियमच्या स्क्रूचे वजन सुमारे पाव ग्रॅम भरते. तो पूर्ण विरघळला तर सुमारे पाव लिटर हायड्रोजन निघतो. हे सारे आठ दिवसांत घडले, तर रोज तीस मिलिलिटरहून अधिक वायू एका चिमुकल्या जागी तयार होईल. तो फुग्यासारखा साचेल व हाड सांधण्यात अडथळा आणेल. तेच विरघळणे वर्षभरात पसरले, तर रोज एक मिलिलिटरहूनही कमी वायू निघेल आणि तो शरीरात सहज जिरून जाईल. रोज सुटणारे मॅग्नेशियमही एक मिलिग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे आपल्या रोजच्या आहारापुढे नगण्य. धातू तोच, वायूही तेवढाच. फरक फक्त वेगाचा. म्हणून विरघळणे थांबवायचे नाही, त्याचा वेग आपल्या हाती घ्यायचा आहे.

कल्हईचा दृष्टान्त

वेग ताब्यात ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग आतून. लोखंड, निकेल, तांबे यांची भेसळ अत्यल्प ठेवायची आणि कॅल्शियम, जस्त किंवा इट्रियम यांसारखी मूलद्रव्ये मिसळून योग्य मिश्रधातू निवडायचा. दुसरा मार्ग बाहेरून, म्हणजे पृष्ठभागावर प्रक्रिया करायची.

पितळेच्या भांड्याला कल्हई करताना कल्हईवाला आधी भांडे तापवून नवसागराने स्वच्छ करतो आणि मगच कथील फिरवितो. भांडे मळकट राहिले तर कल्हई धरत नाही. येथेही तसेच आहे. धातू घासून गुळगुळीत करणे, त्यावरील तेलकटपणा काढणे, सौम्य आम्लाने जुना ऑक्साइडचा थर उतरविणे ही पूर्वतयारी नीट झाली नाही, तर पुढचा लेप कितीही चांगला असला तरी सुटतो. मात्र एक मोठा फरक आहे. कल्हई टिकावी अशी आपली इच्छा असते. येथे लेपानेही आपले काम संपवून हळूहळू निघून जायचे आहे. म्हणूनच विमाने व मोटारींच्या मॅग्नेशियमच्या भागांवर पूर्वी सर्रास वापरलेली क्रोमेट प्रक्रिया येथे चालत नाही. तिच्यातील षट्संयुजी क्रोमियम विषारी आहे.

मुख्य प्रक्रिया

१) फ्लोराइडचा थर : मॅग्नेशियम हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवून ठेवले की त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ, घट्ट थर तयार होतो. त्याची जाडी एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी कमी. हे आम्ल अतिशय धोकादायक आहे. ते त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शियमवर हल्ला करते. ही प्रक्रिया केवळ प्रशिक्षित माणसांनी, पुऱ्या संरक्षणानिशीच करावयाची असते.

२) कॅल्शियम फॉस्फेटचा थर : हाडाचा खनिज भाग कॅल्शियम फॉस्फेटचाच, हायड्रॉक्सिअॅपेटाइट या स्वरूपातला असतो. त्याच जातीचा लेप द्रावात बुडवून किंवा विजेच्या साहाय्याने चढविता येतो. हाडाच्या पेशींना असा पृष्ठभाग मानवतो. उणीव अशी की, हा थर बहुधा ठिसूळ व सच्छिद्र असतो.

३) ठिणग्यांची प्रक्रिया : आम्लारीधर्मी द्रावात मॅग्नेशियमला धनाग्र करून काहीशे व्होल्टचा दाब दिला जातो. पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म ठिणग्या नाचू लागतात आणि धातूच्याच अंगातून मातीच्या भांड्यासारखा कठीण ऑक्साइडचा थर तयार होतो. तो वरून चिकटविलेला नसून धातूतूनच उगवलेला असल्याने त्याची पकड उत्तम असते. मात्र ठिणग्यांमुळे त्यात बारीक छिद्रे राहतात. ती बुजविण्यासाठी बहुधा वरून दुसरा लेप द्यावा लागतो.

४) बहुवारिकांचा लेप : पॉलिलॅक्टिक आम्लासारखी शरीरात विघटन होणारी बहुवारिके किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान वापरतात. या लेपात औषध मिसळता येते. पण खालून वायू निघू लागला की लेपाला फोड येऊन तो सुटण्याचा धोका असतो.

या सर्वांत मोठी भीती आहे ती एका जागी पडणाऱ्या खड्ड्याची. सगळा पृष्ठभाग सारखा झिजला तर हिशेब मांडता येतो. पण लेपाला एखादी चीर पडून तेथेच खोल खड्डा झाला, तर वजनाने जवळजवळ अखंड असलेला स्क्रूही त्या ठिकाणी मोडतो.

परीक्षा आणि आजची स्थिती

प्रयोगशाळेत रक्तद्रवाशी मिळत्याजुळत्या क्षारांच्या द्रावात ३७ अंश तापमानाला नमुना ठेवतात. त्यावर उपड्या नरसाळ्याने व ब्युरेटने निघणारा हायड्रोजन रोज मोजतात. साधने शाळेतलीच, पण त्यातून धातू किती झिजला हे थेट कळते. काचेच्या भांड्यातला वेग आणि शरीरातला वेग मात्र एकच नसतो. म्हणून पुढे प्राण्यांवरील व मग रुग्णांवरील चाचण्या कराव्याच लागतात.

या वाटेवर काही टप्पे गाठले गेले आहेत. २०१३ साली जर्मनीत पायाच्या अंगठ्याच्या वाकडेपणावर शस्त्रक्रिया झालेल्या २६ रुग्णांचा सहा महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा स्क्रू टिटॅनियमच्या तोडीस तोड ठरला. त्याच वर्षी त्या स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली. दक्षिण कोरियातील मनगटाजवळच्या अस्थिभंगाच्या ५३ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही घोट्याच्या अस्थिभंगासाठी अशा एका स्क्रूला परवानगी दिली. हे सारे लहान स्क्रूंचे यश आहे. मांडीच्या हाडासारखा मोठा भार पेलणाऱ्या मोठ्या प्लेटचा प्रश्न अजून कठीण आहे. तेथे धातू अधिक, म्हणून वायूही अधिक; आणि टिकायचेही जास्त दिवस. विश्वासार्ह लेपाची खरी गरज तेथेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या विषयात रसायनशास्त्र, धातुशास्त्र, जीवशास्त्र व वैद्यक यांची गाठ पडते. यातल्या कोणत्याही दाराने आत शिरता येते. दहावीच्या पुस्तकातील क्षरणाचा धडा केवळ गुणांसाठी पाठ करू नका. गंज म्हणजे नेहमी शत्रूच असतो असे नाही. त्याला वेळेचे बंधन घालता आले, तर तोच रुग्णाची दुसरी शस्त्रक्रिया वाचवू शकतो. ज्या घरात कमावणारा एकच हात असतो, त्या घराला ही बचत किती मोठी आहे हे वेगळे सांगायला नको.