उदर आणि मन : ऊसतोड कामगारांच्या संदर्भात

भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने पोटात कालवते, असे मराठी माणूस म्हणतो. हे केवळ भाषेचे अलंकरण नव्हे. योग्य मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही चिंता, शोक, भय, क्रोध, गैरसोयीची शय्या व जागरण यांमुळे पचत नाही, असे प्रतिपादन चरकसंहितेच्या विमानस्थानात आढळते.

या संबंधाची यंत्रणा आधुनिक शरीरशास्त्राने बरीच उलगडली आहे. आतड्याच्या भित्तीत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे असते. ते व्हेगस मज्जातंतूने मेंदूशी जोडलेले असून या मज्जातंतूतील बहुसंख्य तंतू आतड्याकडून मेंदूकडे संदेश नेतात. उलटपक्षी, ताणाच्या अवस्थेत स्रवणाऱ्या कॉर्टिसॉलादी संप्रेरकांमुळे आतड्याची हालचाल व स्राव बदलतात. म्हणजे हा मार्ग दुहेरी आहे. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. तथापि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. आतड्यातील जंतूंचाही येथे वाटा असावा. जंतुविरहित उंदरांत ताणाची प्रतिक्रिया अधिक तीव्र असते, असे जपानी संशोधकांनी २००४ साली दाखविले. मानवाविषयी इतका निर्णायक पुरावा अद्याप नाही.

बीड जिल्ह्यात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना काम सोडता येत नाही. दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो. गाडी भरण्यासाठी रात्रीही उठावे लागते. कोपीवर शौचालय नसल्याने अनेक स्त्रिया पाणीच कमी पितात. चरकसंहितेने सांगितलेली चिंता, कष्टप्रद शय्या व जागरण ही कारणे अशा रीतीने एकाच देहात एकत्र येतात. त्यांत अनियमित आहार व अस्वच्छ पाणी यांची भर पडते.

अशा रुग्णाच्या पोटदुखीस ‘मानसिक’ म्हणून बाजूस सारणे जितके अशास्त्रीय, तितकेच केवळ पाचक चूर्ण देऊन त्याची बोळवण करणेही अशास्त्रीय होय. येथे अभ्यासकांना एक संधीही आहे. तीच माणसे दरवर्षी गावी असतात, फडावर जातात व परत येतात. तेव्हा प्रस्थानापूर्वी व परतल्यावर त्यांची झोप, आहार, पचन व मनःस्थिती यांची नोंद घेता येईल. जिल्ह्यातच, अंबाजोगाई येथे, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा नोंदींवाचून या कामगारांच्या तक्रारीचे मूळ उदरात किती व उचलीत किती, हे ठरविणे शक्य नाही.